बऱ्हाटे मॅडमची फळी

आमच्या कॉलेजात नवा आलेला पोरगा प्राचार्यांची केबिन विचारत फिरायचा. बऱ्हाटे मॅडम कुठं आहेत हे मात्र त्याला कधी विचारावं लागलं नाही. शिट्टी जिकडून ऐकू येईल तिकडे मॅडम. धुळ्याहून सोनगीरकडे निघालं की हायवेला लागून आमचं कॉलेज आहे, आणि कॉलेजपेक्षा मोठं त्याचं मैदान. हायवेवर दिवसभर ट्रक हॉर्न मारत जातात, पण त्या सगळ्यांवरून मॅडमची शिट्टी ऐकू यायची. मी मराठी शिकवतो. वर्गात विरहाची कविता रंगात आली की नेमकी बाहेर शिट्टी वाजायची आणि मागच्या बाकावरचे चार जण खिडकीकडे वळायचे. मी एकदा तक्रार केली. त्या म्हणाल्या, "सर, तुमची कविता चांगली असेल तर शिट्टी ऐकू येणार नाही." मी पुन्हा तक्रार केली नाही.

पूर्ण नाव प्रमिला बऱ्हाटे, हुद्दा क्रीडा संचालक. माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. यजमान जळगावला बँकेत होते, त्यामुळे शनिवारी दुपारी मॅडम एसटीनं जळगाव गाठायच्या आणि सोमवारी सकाळी पहिल्या तासाच्या आत मैदानावर हजर. बुटक्या, काटक, उन्हानं रापलेल्या. मीटिंगला साडी नेसायच्या, पण साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट असायचेच. संस्थेच्या स्नेहसंमेलनात पैठणीखालीही मी ते पाहिलेत. शिट्टी लाल करदोड्यात ओवून गळ्यात. मंगळसूत्र आत आणि शिट्टी बाहेर, असा त्यांचा क्रम होता. भाऊ अधूनमधून रावेरहून धुळ्याकडे येणाऱ्या केळीच्या गाडीत एखादा घड टाकून द्यायचे. तो क्रीडा विभागात छताच्या हुकाला टांगलेला असायचा. हरून रडत आलेली पोरगी असो की प्राचार्यांची बोलणी खाऊन आलेला प्राध्यापक, त्या आधी केळं हातात द्यायच्या. "खा. बोल नंतर." केळं संपेपर्यंत निम्मं रडणं संपलेलं असायचं, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

पळणाऱ्या पोरींसाठी त्यांचा एकच मंत्र होता: "श्वास नाकानं, राग पायानं!" म्हणजे काय, हे त्यांनी कधी फोड करून सांगितलं नाही. पण आमच्याकडच्या पोरींकडे राग भरपूर असतो आणि तो काढायला जागा कमी, त्यामुळे त्यांना अर्थ विचारावा लागत नव्हता.

आता फळीचं सांगतो. दोन बाभळीच्या फळ्या एका टोकाला बिजागरीनं जोडलेल्या, दुसऱ्या टोकाला धरायला दोन मुठी. बाहेरून काळ्या, आतून पांढऱ्याफेक. मॅडम त्या डोक्यावर उघडून धरायच्या, पोरी रेषेवर वाकायच्या, आणि फळ्या खाडकन मिटल्या की शर्यत सुरू. आतला पांढरा रंग एवढ्यासाठी की लांब उभ्या असलेल्या वेळ घेणाऱ्याला आवाज पोचायच्या आधी फळी मिटलेली दिसावी. "ही ऐकायची कमी आणि बघायची जास्त," मॅडम सांगायच्या. सगळ्या जिल्ह्यात शर्यतीला पिस्तुलाचा नाहीतर फटाक्याचा आवाज काढत असताना आमच्याकडे ही फळी कशी आली, त्याला इतिहास आहे.

आमच्या संस्थेचे संस्थापक दादासाहेब. त्यांच्या काळात माईक नव्हता, आणि संस्थापक दिनाच्या रोड रेसला पोरं लांबवर पसरलेली असायची. तेव्हा दादासाहेब आपली बारा बोअरची बंदूक आणून हवेत एक बार उडवायचे. पुढे माईक आला, स्पीकर आले, पण बार राहिला. त्याला 'मानाचा बार' असं नाव पडलं, आणि एकदा मान चिकटला की आपल्याकडे गोष्ट सुटत नाही. मॅडम नव्यानं रुजू झाल्या त्या वर्षी त्यांनी तो बार ऐकला. दुसऱ्या दिवशी त्या फिजिक्सच्या वाणी सरांकडे गेल्या आणि विचारलं, "सर, वर गेलेली गोळी कुठं जाते?"

"खाली येते."

"कुठं?"

"ते काही सांगता येत नाही, मॅडम."

"मग झालं तर," म्हणून त्या थेट दादासाहेबांच्या वाड्यावर गेल्या. दादासाहेब तेव्हा थकलेले होते, हातही कापायचा. आत काय बोलणं झालं ते कोणाला माहीत नाही. पण पुढच्या संस्थापक दिनाला दादासाहेब खुर्चीत बसून आले, बंदूक घरी ठेवून. मॅडमनं सुताराकडून करून घेतलेली फळी त्यांच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं ती अशी हौसेनं वाजवली की पोरं निघून गेली तरी ते दोनतीनदा वाजवतच राहिले. त्या दिवशी त्यांच्या मागं त्यांचा मुलगा बापूसाहेब उभा होता. त्याचा चेहरा मात्र आंबलेला होता. मानाचा बार त्याच्या हातात यायच्या आधीच संपला होता.

दादासाहेब गेले आणि बापूसाहेब अध्यक्ष झाले. कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर लावून फिरायचे. दसऱ्याला क्रीडा विभागात खेळाच्या सामानाची पूजा व्हायची: गोळा, भाला, थाळी, कबड्डीची दोरी, सगळ्यांना झेंडूची माळ. एका दसऱ्याला बापूसाहेबांच्या ड्रायव्हरनं साहेबांचं रिव्हॉल्व्हरही आणून पाटावर ठेवलं. मॅडमनं सगळ्या सामानाला हळदकुंकू वाहिलं, आणि रिव्हॉल्व्हरपाशी आल्यावर हात मागं घेतला. "हे कोणाचं?"

"साहेबांचं."

"माझ्या डेडस्टॉक रजिस्टरला याची नोंद नाही. घेऊन जा." ड्रायव्हर ते रुमालात गुंडाळून घेऊन गेला. आम्ही सगळे आपट्याची पानं निवडण्यात एकदम दंग झालो.

एवढा कडवा विरोध म्हटल्यावर स्टाफरूममध्ये एक गोष्ट पसरली, की मॅडमचा सख्खा भाऊ लग्नाच्या वरातीत हवेतल्या गोळीनं गेला. कोणी सांगे भाऊ, कोणी सांगे चुलतभाऊ. चहाला रंग चढावा तशी गोष्टही दरवर्षी चढत होती. शेवटी एकदा धीर करून मीच विचारलं. मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"दोघे भाऊ ठणठणीत आहेत हो. एक रावेरला केळीच्या गाड्या भरतो, दुसरा त्याच्याशी भांडतो. कोणी मेलं नाही आमच्याकडे." मग हसू थांबवून म्हणाल्या, "पण सर, नाही म्हणायला घरात कोणीतरी मरावंच लागतं का?"

त्यांनी मला एक केळं दिलं.

त्या चुकायच्या नाहीत असं नाही. एकदा पार्किंगमागं चारपाच पोरं मोबाईलवर रील काढत होती. एकानं काळा गॉगल लावलेला, हातात पिस्तूल, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून ओठ वाकडे करतोय. सातपुड्यापलीकडून येणारे गावठी कट्टे आमच्याकडे कोणाला नवे नाहीत, पेपरात रोज वाचतो. मॅडम मागून गेल्या. राग आला की त्यांची रावेरकडची बोली बाहेर यायची. "काय करू राह्यला रे हे? दे इकळे!" म्हणत त्यांनी ते हिसकलं आणि भिरकावलं ते सरळ पाण्याच्या हौदात. पोरं आधी पांढरी पडली आणि मग खोखो हसायला लागली. ते यात्रेत मिळणारं लायटर होतं. घोडा ओढला की सिगारेट पेटायची. दुसऱ्या कोणी खजील होऊन काढता पाय घेतला असता. मॅडम म्हणाल्या, "मग तर बरंच झालं. सिगारेटपण बुडाली." त्या पोराकडून त्यांनी हौद उपसून घेतला. पुढे तो पोरगा आमच्या रिले टीममध्ये पळाला, आणि बरा पळाला.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग एका डिसेंबरात मुलांच्या कबड्डीच्या फायनलला दोन गावांचे समर्थक समोरासमोर आले. सामना संपला तसं जिंकलेल्या बाजूच्या कोणीतरी जोशात हवेत गोळी झाडली. आपण जिंकलो हे सांगायला आमच्या लोकांना तोंड पुरत नाही. गोळी कोणाला लागली नाही. पण मांडवातल्या मुली एकदम उठून पळाल्या, लाकडी पायऱ्यांवर एकीवर एक पडल्या आणि अकरावीतल्या एका मुलीचा हात मोडला. मॅडम तिला घेऊन धुळ्याला दवाखान्यात गेल्या.

दुसऱ्या सकाळपासून सरावात एक नवा धडा आला. मॅडम पोरींना रेषेवर उभं करायच्या. फळी वाजली की पळायचं. मग त्यांचा सांगकाम्या शिपाई शांताराम भिंतीमागं सुतळी बॉम्ब लावायचा. त्याचा आवाज झाला की पोरींनी आहे तिथं खाली बसायचं, डोकं गुडघ्यात. जी पळेल तिला मैदानाला एक फेरी जास्तीची. "फळी वाजली की पळा, बार वाजला की बसा!" महिनाभर सकाळी सकाळी हे चालायचं. पहिल्या तासाला माझ्या वर्गातही बॉम्बचा आवाज यायचा, आणि पुढच्या बाकावरच्या खेळाडू मुली कविता सोडून बाकाखाली जायच्या.

त्या गोळीबारावर विचार करायला संस्थेची सभा बसली. मी शिक्षकांच्या वतीनं आणि मॅडम क्रीडा विभागाच्या वतीनं, असे आम्ही दोघे बोलावलेले. मत देण्याचा अधिकार दोघांनाही नाही. सेक्रेटरींनी मांडलं की पोलीस यायला वेळ लागतो. तेव्हा परवाना असलेली जबाबदार माणसं मैदानावर शस्त्रासह असली तर दंगेखोरांना वचक बसेल. बहुतेकांनी माना डोलावल्या. ऐकायला ते पटण्यासारखं होतं, नाही म्हणू नये.

मॅडम उठल्या. "गर्दीत गोळी सुटली की पोरगी पळते. तिनं पळता पळता कसं ओळखायचं की हा बंदूकवाला वाईट आणि हा चांगला?"

संस्थेचे सभासद म्हणून बसलेले वाणी सर म्हणाले, "पण मॅडम, एनसीसीच्या रायफली कॉलेजात आहेतच की."

"आहेत. कुलपात आहेत. बाहेर काढायला हुकूम लागतो, आत ठेवताना मोजून घेतात. बापूसाहेबांची मोजायला कोणाला ठेवणार, सर? तुम्हाला?" वाणी सर हातातली कपबशी बघायला लागले.

तेव्हा बापूसाहेब स्वतः बोलले, आणि आवाज न चढवता बोलले. शेतीच्या वादात चुलतभावांनी त्यांची गाडी शिवारात अडवली होती, काच फोडली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. "मी हौसेनं नाही बाळगत, मॅडम. मला रात्री झोप नाही लागत."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "तुमची भीती खरी आहे, बापूसाहेब. मी तिला खोटी म्हणणार नाही. पण ती कमरेला लावून तुम्ही मैदानावर आलात की ती माझ्या सगळ्या पोरींना वाटून टाकता. तुम्हाला एकट्याला पेलत नाही, ती त्यांना पेलेल का?"

ठराव मंजूर झाला. परवानाधारक मान्यवरांना शस्त्रासह मैदानात प्रवेशाची मुभा. मॅडम म्हणाल्या, "माझा विरोध लिहा." सेक्रेटरी म्हणाले, तुम्हाला मत नाही. "मत नाही हे माहीत आहे. विरोध करायला मत लागत नाही." तो लिहिला गेला नाही, असं माझं मत आहे.

जुलैत कॉलेज उघडलं की मॅडम स्कूटीवरून गावोगाव फिरायच्या. कबड्डीला पोरी अशाच मिळत नाहीत, त्या घराच्या ओट्यावर बसून मागून आणाव्या लागतात. त्या वर्षी मला मागं बसवून नेलं. म्हणाल्या, तुम्ही गोड बोलता. सोनगीरच्या पलीकडे एका वस्तीवर ज्योतीचं घर होतं. ज्योती आमची सर्वांत चांगली चढाई करणारी. तिचे आजोबा ओट्यावर बसलेले; सगळी वस्ती त्यांना आबा म्हणायची. त्यांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढं केला आणि आम्ही खाईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोर खेयस ते बरं शे. पन तठे बंदुका फुटतस म्हने. गये साल एक पोरना हात मोडना. मना आंडोर नई म्हनस." आंडोर म्हणजे मुलगा, ज्योतीचा बाप.

मी गोड बोलायला तोंड उघडलं. मॅडमनं हातानंच मला गप्प केलं. "आबा, मैदानावर बंदूक असली तर मी खेळ सुरूच करणार नाही. हा माझा शब्द."

आबांनी आमची ताटं उचलली. "मंग लई जा पोरले," म्हणाले.

येताना मी मागं बसून म्हटलं, "मॅडम, ठराव झालाय. शब्द कशाच्या जोरावर दिला?" त्या म्हणाल्या, "गाडी चालवताना बोलू नका." बोलत मी होतो, चालवत त्या होत्या. मी ते दाखवून दिलं नाही. त्यानंतर त्यांनी दारोदार तोच शब्द दिला. त्या एका शब्दावर त्या वर्षीची सगळी टीम उभी राहिली.

डिसेंबरात मुलींची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी आमच्याकडे आली आणि आमच्या पोरी फायनलला पोचल्या. बक्षीस म्हणून सोनगीरच्या तांबटांकडून घडवून घेतलेला पितळी हंडा मांडवात चमकत होता. एका बाजूला भरताची वांगी भाजायला टाकलेली, त्या धुरानं सगळ्यांना भूक लागलेली. आबा पुढच्या रांगेत येऊन बसलेले. मी माईकवर. बापूसाहेब पाहुण्यांबरोबर आले आणि सोफ्यावर बसले. सदरा वर सरकला तसं कमरेचं रिव्हॉल्व्हर सगळ्यांना दिसलं. मला वाटतं, ते दिसावं म्हणूनच सरकला होता.

दोन्ही संघ मातीला हात लावून कपाळाला लावून आत आले. पंचांचं प्रमुखपद मॅडमकडे होतं. त्या मधल्या रेषेवर गेल्या, शिट्टी तोंडाला लावली, आणि पुन्हा खाली सोडली. मग बापूसाहेबांकडे चालत गेल्या. मी जवळच होतो, म्हणून ऐकलं.

"साहेब, ते गाडीत ठेवून या."

"मॅडम, ठराव झालाय."

"ठराव तुमचा, शिट्टी माझी."

"कमरेला आहे. काही करत नाहीये ते."

"मग गाडीतही काही करणार नाही."

बापूसाहेब हसले, पाहुण्यांकडे बघून. मॅडम परत मधल्या रेषेवर गेल्या आणि मांडी घालून मातीत बसल्या. ज्योतीनं बघितलं, तीही बसली. मग आमची सगळी टीम बसली. समोरच्या शिरपूरकडच्या पोरींना काय चाललंय ते कळेना, पण एकट्या उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून त्याही बसल्या. मैदानभर कुजबुज. मी माईकवर देणगीदारांची नावं वाचली. ती संपली, पुन्हा वाचली. वांगी भाजून काळी झाली. प्राचार्य दोनदा मैदानात जाऊन मॅडमच्या कानाशी लागले आणि दोनदा परत आले.

मग आबा उठले. दोरी ओलांडली, चपला बाहेर काढल्या, माती कपाळाला लावली आणि मॅडमच्या बाजूला जाऊन बसले. बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाले, "बापू, तुना बापनी बी ठेवी दिधी व्हती. तू बी ठेवी दे!"

बापूसाहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात राग होता, आणि रागाखाली दुसरंही काहीतरी होतं. ते उठले. ते ठेवून परत येतील असं मला वाटलं, देवाशपथ वाटलं. पण ते गाडीत बसले आणि गाडी धूळ उडवत हायवेला लागली. धूळ खाली बसली तशी शिट्टी वाजली.

आम्ही एका गुणानं हरलो. पितळी हंडा शिरपूरकडे गेला. मॅडमनं सगळ्या पोरींना केळी वाटली. आबांनाही एक दिलं.

पुढं व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस आली. मॅडमनं दोन ओळींचं उत्तर दिलं: 'खेळ सुरू करण्याची जबाबदारी माझी होती. मैदान सुरक्षित झाल्यावर मी तो सुरू केला.' जूनमध्ये त्यांची बदली संस्थेच्या जामनेरच्या शाखेत झाली, ज्युनियर कॉलेजला. तिथं मैदान म्हणजे बाजार समितीमागची मोकळी जागा. लोक म्हणाले, जळगाव जवळ पडेल, घरच्या घरी. मॅडम म्हणाल्या, "हो ना. शिक्षासुद्धा सोयीची मिळाली." जाताना ज्योतीनं विचारलं, फळी नेणार का? मॅडमनं फळी कपाटात ठेवली. "कॉलेजची आहे. हिची डेडस्टॉकला नोंद आहे." निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. त्यांनी छताच्या हुकाकडे पाहिलं. घड संपला होता.

त्या वर्षीच्या संस्थापक दिनाला मानाचा बार पुन्हा सुरू होणार असं जाहीर झालं. पत्रिकेवर तसं छापलं. नवा क्रीडा संचालक तरुण होता, हुशार होता, आणि नवीन नोकरीतल्या माणसासारखाच घाबरलेला होता. सकाळची थंडी. मुलींची रोड रेस आधी. मैदानातून निघून फाटकाबाहेर हायवेच्या कडेनं जायचं आणि वळून यायचं. दोरीमागं गावचे लोक जमलेले. पोरी रेषेवर वाकल्या, मधोमध ज्योती. मी माईकवर म्हणालो, "आता माननीय अध्यक्षांच्या हस्ते..." बापूसाहेबांनी हात वर केला आणि बार उडाला.

रेषेवरच्या सगळ्या पोरी खाली बसल्या, जुन्यांचं बघून नव्याही. डोकी गुडघ्यांत.

कोणाला काही कळेना. कावळे उडाले, ते मैदानावर ओरडत फिरत राहिले. नवा संचालक धावत आला. "अगं पळा! पळा ना!"

ज्योतीनं डोकं वर केलं. "सर, बार वाजना का बसानं. आमले असंच शिकाडेल शे."

बापूसाहेबांचा हात अजून अर्धवट वरच होता. दुसरा बार उडवावा तर पोरी पुन्हा बसणार, हे त्यांनाही कळलं असावं. नवा संचालक क्रीडा विभागाकडे फळी आणायला पळाला. कपाटाची चावी शांतारामकडे, आणि शांताराम चहाला. मी माईक हातात घेऊन उभा. एवढ्यात मला जाणवलं की रेषेवरच्या पोरी एकामागून एक फाटकाकडे बघतायत.

फाटकाजवळ दोरीमागं बऱ्हाटे मॅडम उभ्या होत्या. खांद्याला पर्स, साडी, पांढरे बूट. जामनेरहून पहाटेच्या एसटीनं आल्या असणार. कोणाला कळवलं नव्हतं, पुढं आल्या नव्हत्या. गळ्यात शिट्टीही नव्हती. सगळं मैदान त्यांच्याकडे वळलं. त्यांनी पर्स पाठीवर ढकलली आणि दोन्ही हात डोक्याच्या वर उघडून धरले, तळवे समोरासमोर.

पोरी उठल्या. रेषेवर वाकल्या, बोटं मातीत टेकवली.

मॅडमनं टाळी वाजवली. एवढ्या लांबून तिचा आवाज आला की नाही, मला आठवत नाही. पोरी सुटल्या. मी माईकवर म्हणालो, "शर्यत सुरू झालेली आहे." मागं बापूसाहेब रिव्हॉल्व्हर हातात घेऊन उभे होते, ते कुठं ठेवायचं हे न कळल्यासारखे.

पोरी फाटकातून बाहेर पडल्या. सर्वांत शेवटी एक बारीक, नवी, अकरावीतली पोरगी होती, आत्ताच धाप लागलेली. ती मॅडमच्या समोरून गेली तशा मॅडम तिच्या बाजूनं पळायला लागल्या, साडीचा काठ एका हातात धरून, पर्स पाठीवर आपटतेय. हायवेवरून ट्रक जात होते. त्यांच्या आवाजातून मला शेवटचं ऐकू आलं ते एवढंच:

"श्वास नाकानं! राग पायानं, पोरी, पायानं!"